आठव्या रिळानंतर सातवं

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी थर्मासमध्ये चहा ओतत होतो. सकाळचे साडेसात झाले होते. ती मिरजेला दवाखान्यात होती. उमेश, माझा मुलगा, तिच्याजवळ थांबला होता आणि मी आंघोळीपुरता तासगावला घरी आलो होतो. आठची एसटी धरून परत जायचं होतं. उमेश म्हणाला, "दादा, आई गेली." मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला, पातेल्यात राहिलेला चहा थर्मासमध्ये ओतला, झाकण फिरवून घट्ट केलं. मग लक्षात आलं की हा चहा आता कुणाला न्यायचा नाही.

तेवढ्यात दारात कुंभोजकर सर आले. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, नुकतीच पेन्शन सुरू झाली होती. हातात पत्रिकांचा गठ्ठा, चेहऱ्यावर लग्नघरच्या माणसासारखी घाई.

"तातोबा, आहात ना? आल्या छापून. पहिली तुम्हालाच."

मी पत्रिका घेतली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'एका उपेक्षित सिनेमाची पुनर्भेट.' खाली प्रमुख पाहुणे म्हणून आमची नावं. श्री. तातोबा सुतार, माजी ऑपरेटर, शशिकला टॉकीज. सौ. शालन सुतार, माजी बुकिंग क्लार्क, लेडीज खिडकी.

"मुद्दाम तुमची नावं वर घेतली. माझं खाली, बारीक," सर म्हणाले. "वहिनी कशा आहेत आज?"

"गेली."

"कुठं?"

मी पत्रिका मिटली. सरांना कळलं तसे ते पायरीवरच बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं. शेजारची माणसं बाहेर आली ती सरांच्या आवाजानं. मला वाटलं, रडायचं काम तर झालं, आता आपण काय करायचं? थर्मास समोर होता. सरांना एक कप ओतून दिला. त्यांनी तो प्यायला.

"कार्यक्रम रद्द करतो मी," ते म्हणाले.

"कधी आहे?"

"बरोबर पंधरा दिवसांनी."

"मग तोवर दिवस होतील. राहू द्या."

असं का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. त्या वेळी फक्त हो म्हटलं असतं, की रद्द करा, तर पुढचं काहीच झालं नसतं. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

तो सिनेमा १९७४ साली आमच्या टॉकीजला लागला होता. इंग्रजी नाव इतकं लांब होतं की बोर्ड रंगवणाऱ्याला ते फळ्यावर बसवता येईना. त्यानं आपल्या मनानं 'भाडोत्री चौघे' असं रंगवलं आणि गावात तेच नाव राहिलं. त्यात कुणी नावाजलेला नट नव्हता. सर सांगतात की जगातल्या कुठल्याही पुस्तकात त्या सिनेमावर चार ओळी नाहीत. गोष्ट तशी साधी होती. एका खाणमालकाला एका विधवा बाईचा पाण्याचा झरा हवा असतो. बाई जागा सोडत नाही. मग मालक पैसे देऊन चार बंदूकवाले आणतो. ते चौघं बाईच्याच गोठ्यात मुक्काम ठोकतात आणि हुकमाची वाट बघत बसतात. त्यातला एक म्हातारा हळूहळू बाईच्या बाजूचा होतो. बाकीच्या तिघांना ते कळतं.

प्रिंटची पेटी सांगलीहून एसटीनं यायची. पहिला खेळ तीनचा आणि पेटी आली अडीचला. दहा रिळं. प्रिंट बरीच गावं फिरलेली. दोन रिळांच्या तोंडाची नंबराची पट्टी तुटून गेलेली आणि डब्यावरचे आकडे पुसलेले. एक सातवं होतं आणि एक आठवं, एवढं बाकीची मोजल्यावर कळलं. कुठलं सातवं ते कळेना. मी दोन्हींची सुरुवात उजेडाला धरून बघितली. एकात बंदुका रोखलेल्या. दुसऱ्यात तो म्हातारा बाईच्या पायरीवर बसून कॉफी पितोय आणि त्याचा हात फडक्यानं गळ्यात बांधलाय. म्हटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे? आधी गोळी लागणार, मग बाई सेवा करणार, मग हात गळ्यात. आमच्या सगळ्या सिनेमांत तसंच असतं. गोळी लागलेला माणूस पुढच्या रिळात बरा होतो. बंदुकांचं रीळ मी आधी लावलं.

त्या रिळाच्या शेवटी म्हातारा मरतो आणि बाकीचे तिघं त्याला पुरून वर दगड रचतात, हे मला केबिनच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून दिसलं, तेव्हा उशीर झाला होता. हात गळ्यात होता तो सहाव्या रिळात घोड्यावरून पडल्यामुळं. तेव्हा मी मशीनच्या दिव्यातली जळून संपलेली कार्बनची कांडी बदलत होतो, मला ते दिसलंच नव्हतं. आता इकडं दगड रचून होत आले होते आणि तिकडं दुसऱ्या मशीनवर कॉफी तयार होती. पडदा पांढरा ठेवला असता तर पब्लिकनं खुर्च्या मोडल्या असत्या. मी दुसरं मशीन सुरू केलं.

दोन-तीन सेकंद सगळं थिएटर गप्प. मग अशी शिट्टी उठली की केबिनचं दार थरथरलं. लोक बाकांवर उभे राहिले. ठोसर मॅनेजर धापा टाकत वर आले.

"सुतार! काय केलंस हे?"

"साहेब, रीळ—"

"अरे ऐक, ऐक." आम्ही दोघांनी ऐकलं. खाली लोक त्या म्हाताऱ्याच्या नावानं ओरडत होते. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून "आजोबा, आजोबा" म्हणत होते. ठोसर म्हणाले, "उद्या पण असंच लाव. इंग्रजी आहे. कोण विचारतंय?"

एकवीस दिवस मी ते रीळ चुकीच्या जागी लावलं. सहाव्यानंतर आठवं, आठव्यानंतर सातवं.

शालनला मी हे सांगितलं नाही. त्याला कारण होतं. आमच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. ती मॅट्रिक झालेली. मध्यस्थानं तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा सिनेमात आहे. ते खोटं नव्हतं. पण तिनं मनात जे धरलं असेल ते कोल्हापूरच्या स्टुडिओतलं काहीतरी असणार. इथं येऊन बघते तर नवरा बनियनवर भट्टीसारख्या खोलीत उभा, नखांत काजळी. ठोसरांनी तिला लेडीज खिडकीवर तिकिटं द्यायला बसवलं. ती खाली, मी वर, एकाच इमारतीत, आणि बोलणं असं की "मीठ संपलंय" आणि "आणतो". ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

खिडकी बंद झाली की ती लेडीज क्लासमध्ये मागं जाऊन बसायची. त्या पहिल्या दिवशी तीनचा खेळ सुटल्यावर लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. ती कधीच केबिनमध्ये आली नव्हती.

"अहो, तो जिवंत कसा?"

मी रीळ गुंडाळत होतो. मान वर केली नाही.

"दगडाखालून आला?"

"आला असेल."

"बाईनं विचारलंसुद्धा नाही त्याला. कुठून आलास, कसा आलास. सरळ कॉफी दिली." ती रिळाच्या पेटीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. "मी पण नसतं विचारलं."

मग ती बोलतच राहिली. सिनेमाचं, मग माहेरचं, मग खिडकीवर येणाऱ्या बायकांचं. सहाच्या खेळाची घंटा झाली तरी तिला खाली जायची शुद्ध नव्हती, ठोसरांनी खालून हाक मारली. जाताना म्हणाली, "तुमचा सिनेमा छान आहे हं."

तुमचा म्हणाली. आता ज्याच्या बायकोनं आठ महिन्यांनी तोंड उघडलंय त्यानं काय सांगावं, की बाई, तो मेलाय, माझ्याकडून चुकून आला?

सिनेमाच्या शेवटी तिघं बंदूकवाले निघून जातात, बाई घरात जाते आणि दार लावून घेते. त्यावर लेडीज क्लासमध्ये रोज वाद व्हायचा, की म्हातारा गेला कुठं. शालननं तो वाद मिटवून टाकला. म्हणाली, "कुठं जातोय? आत झोपलाय. हात दुखतोय त्याचा." खिडकीवर बायका तिकिटाबरोबर तेवढंही विचारून जायच्या, की आत आहे ना हो तो?

पुढं टॉकीज बंद पडली, तिथं गोडाऊन झालं. पण ती गोष्ट शालननं सोडली नाही. उमेशला सांगितली, नातवंडांना सांगितली. दगड रचून झाले की ती थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचो. मग पुढं कॉफी.

शालनच्या दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, माउलीच्या मनात काही राहिलं नव्हतं. सगळ्यांना बरं वाटलं. संध्याकाळी कुंभोजकर सर आले. चार दिवस मी एकच विचार करत होतो. सरांनी हा सिनेमा कॉलेजात असताना आमच्या टॉकीजला अकरा वेळा बघितला होता आणि चाळीस वर्षं ते सगळ्यांना सांगत आले होते की मेलेल्या माणसाला परत आणून कॉफी पाजणारा असा दिग्दर्शक झाला नाही. भाडोत्री माणसाचं मरणसुद्धा भाड्याचंच असतं, ते मालकाला परत करावं लागतं, असं काहीतरी ते म्हणायचे. मला नीट कळलं नव्हतं, पण ऐकायला चांगलं वाटायचं. आता त्यांच्या भाच्यानं अमेरिकेतून त्याची सीडी पाठवली होती. त्या सीडीत कुणी सुतार ऑपरेटर नव्हता.

"सर, सीडी बघितलीत?" मी विचारलं.

"छे! गावाबरोबर बघणार. एकेचाळीस वर्षं थांबलो, आणखी पाच दिवसांनी काय बिघडतंय?"

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं. सिनेमाबद्दल."

"थांबा, आधी हे बघा." त्यांनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं. नाव होतं 'मेलेला माणूस कॉफी पितो'. "स्वतःच्या खर्चानं काढलंय. त्या दिवशी वाटणार आहे. पण मागचं पान आधी वाचा. तुम्हाला दाखवायचं नाही, छापून झाल्यावरच दाखवा, असं वहिनी म्हणाल्या होत्या."

मी चष्मा लावला. चौकटीत छापलं होतं : 'हा सिनेमा मी लेडीज क्लासमधून रोज पाहिला. सरांनी लिहिलं आहे तसाच तो होता. माझ्या यजमानांनी नोकरीत कधीही रीळ चुकवलं नाही. — शालन तातोबा सुतार.' खाली तिची सही. वळणदार, मॅट्रिकची.

"कधी घेतलंत हे?"

"गणपतीत. तुम्ही आरतीला गेला होतात. मी म्हटलं, वहिनी, दोन ओळी द्या, पुराव्याला. त्या म्हणाल्या, कागद आणा. जणू वाट बघत होत्या." सरांनी नाक पुसलं. "बोला, तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही. पडदा ताणून बांधा म्हणायचं होतं. सैल असला की माणसं बुटकी दिसतात."

सर गेल्यावर मी ते पान पुष्कळ वेळा वाचलं. माझी चूक सांगायची तर आता तिला खोटं पाडून सांगावी लागणार होती. तीही दहा दिवसांपूर्वी गेलेली. आणि नाही सांगितली तर सर भर सभेत तोंडावर पडणार होते. दोन्हीकडं मीच.

कार्यक्रमाच्या दिवशी उमेश म्हणाला, "दादा, तुम्ही सिनेमाला चाललात? लोक काय म्हणतील?"

"सिनेमाला नाही. कामावर चाललोय."

वाचनालयाचा हॉल पाचला भरला. दीडशे-दोनशे माणूस असेल. सरांनी प्रत्येक पत्रिकेवर शाईनं 'सौ.' खोडून 'कै.' केलं होतं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची एक खुर्ची शालनची म्हणून मोकळी ठेवून तिच्यावर फुलं ठेवली होती. हलीमाभाभी आल्या, फुलं उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या. त्या आमच्या टॉकीजला लेडीज दारावर तिकीट फाडायच्या. शालनची या गावातली पहिली मैत्रीण. तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या.

"भाभी, ती शालनची खुर्ची आहे," सर हळूच म्हणाले.

"मग मी कुणाची आहे?" त्या म्हणाल्या.

सिनेमा सुरू झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो खुर्चीत बसून बघत होतो. सहावं रीळ संपल्यावर कॉफी आली. कुठलं रीळ कधी संपतं ते मला आतून कळतं. सरांनी माझा हात धरला.

"तातोबा, हे आत्ताच कसं?"

म्हातारा पायरीवर बसला होता. बाई काहीतरी बोलली, तो हसला. मग बंदुका. मग तो पडला. तिघांनी खड्डा खणला, दगड रचले. एक दगड घरंगळला, तो एकानं परत वर ठेवला. हे बारीकसारीक मला केबिनमधून कधी दिसलं नव्हतं.

"आता येईल," सर माझ्या कानात म्हणाले. "बघा तुम्ही."

पुढच्या वीस मिनिटांत ते असं तीन वेळा म्हणाले. म्हातारा आला नाही. तिघं घोड्यांवर बसून गेले. बाई घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आत कुणी नव्हतं. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं की त्या घराला एकच खिडकी आहे आणि तिच्यात दिवा नाही.

दिवे लागले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लोकांच्या हातात पुस्तकं होती आणि पुस्तकाचं नावच चुकलं होतं. मागून कुणीतरी विचारलं, "सर, मेलेला माणूस कॉफी कितीला पितो?" हशा पिकला.

सर माईकपाशी गेले. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं, मागचं पान बघितलं आणि एकदम त्यांचा आवाज चढला.

"मित्रहो, आज आपण जे पाहिलं तो मूळ सिनेमाच नव्हे! कंपनीनं घाबरून सरळ करून टाकलेली ही प्रत आहे. दिग्दर्शकाच्या मनातला खरा सिनेमा जगात एकाच गावानं पाहिला. या गावानं!"

टाळ्या पडल्या. आपलं गाव जगात एकटं आहे हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

"साक्षीदार इथं बसलेत," सर म्हणाले. "ज्या हातांनी ती रिळं लावली ते हात. तातोबा, या. सांगा यांना."

मी उठलो. फुलं खुर्चीवर ठेवली. माईक माझ्या उंचीला आणायला दोन मिनिटं गेली, तेवढा वेळ मिळाला. समोर उमेश मागच्या भिंतीला टेकून उभा होता. शेवटी आला होता तो. सरांच्या कपाळावर घाम होता. एका वाक्याचं काम होतं. माझ्याकडून चुकलं, एवढंच.

"पुस्तकात शालननं लिहिलंय," मी म्हणालो. "तसंच होतं."

आणि खाली बसलो. त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला पडल्या. सरांनी मला मिठी मारली. त्यांचा शर्ट ओला झाला होता.

नंतर वाचनालयाच्या अंगणात चहा आणि चिवडा होता. हलीमाभाभींनी मला कोपऱ्यातल्या कट्ट्यावर बोलावलं.

"बसा भाऊ. छान बोललात."

"कुठं बोललो भाभी? चार शब्द."

"खोटं बोलायला किती लागतात?"

मी कप खाली ठेवला. त्यांनी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढले, दात नव्हते त्यांना.

"मी बघितलाय की हा सिनेमा, आज दाखवला तसा. आम्ही दोघींनी बघितलाय. मिरजेच्या उरुसाला गेलो नव्हतो का, मी न शालन? आपल्या टॉकीजवरनं उतरला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. तिथं हाच लागलेला. शालन म्हणाली, भाभी, चल, आजोबाला बघून येऊ."

"मग?"

"मग काय, आधी कॉफी आली. शालन मला कोपरानं ढोसून म्हणते, भाभी, मिरजेवाल्यानं रीळ चुकवलं बघ. आमच्या ह्यांच्याकडनं असं कधी होत नाही." भाभी हसल्या, मग थांबल्या. "मग तो मेला. आम्ही वाट बघत बसलो. खेळ सुटला, दिवे लागले, झाडूवाला आला. म्हणाला, बाई, उठा. शालन म्हणते, थांब रे, अजून एक माणूस यायचाय."

अंगणात कुणीतरी मला नमस्कार करून गेलं. मी हात जोडले.

"गाडीत एक शब्द बोलली नाही," भाभी म्हणाल्या. "तासगावच्या स्टँडवर उतरताना म्हणाली, भाभी, ह्यांना कळू द्यायचं नाही. एवढ्या उकाड्यात राबतात, ठोसरसाहेब सगळ्यांना सांगतात सुतार रीळ चुकवत नाही म्हणून. मोडेल माणूस. मी म्हटलं, अगं, त्यांना ठाऊक असणारच. तर म्हणाली, ठाऊक असलं तर स्वतः सांगतील. मी आपली गोष्ट सांगत राहते. एक दिवस म्हणतील की, थांब, ते तसं नव्हतं."

"कधी म्हणाली हे?"

"सांगितलं की, तेव्हाच. लग्नाला तुमच्या वर्ष पण नव्हतं. त्यानंतर मी दर ईदला विचारायची, सांगितलं का गं भाऊंनी? म्हणायची, नाही अजून. दगडापाशी थांबते, त्यांच्याकडं बघते, ते मान हलवतात. हसायची. पुढंपुढं हसायची नाही."

मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. भाभींनी आपल्याच पेल्यातलं दिलं.

"मग सरांना ते लिहून का दिलं तिनं?"

"गणपतीतच तिचा रिपोर्ट आला होता, भाऊ. तुम्हाला तिनं दिवाळीनंतर सांगितलं. मला त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, आता काय सांगतात ते. सर काहीतरी छापतायत, उद्या कुणीतरी खरं बाहेर काढलं तर नाव ह्यांचं जाईल. माझी सही असली की बोलणी मला बसतील. मला कोण शोधायला येतंय तेव्हा?"

भाभींनी पदर सावरला आणि उठल्या. त्यांचा नातू मोटारसायकल घेऊन फाटकाशी आला होता. जाताना म्हणाल्या, "मी आज तिच्या खुर्चीत बसले ते बघायला, की आता तरी सांगताय का." आणि गेल्या. ठोसर कधीच गेले होते, पुढच्या वर्षी भाभीही वारल्या. म्हणजे हे जाणणारा आता मी एकटाच आहे.

सरांच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्या सिनेमावर लिहिलेलं जगात ते एकच पुस्तक आहे, असं सर म्हणतात, आणि ते खरं असावं. कॉलेजातली मुलं येतात, माझे हात बघून जातात. एका मुलीनं विचारलं, आजोबा, तो माणूस परत येताना तुम्हाला कसं वाटलं? मी म्हणालो, मशीन बदलत होतो.

गेल्या महिन्यात सर आले. आता सत्तरीला आलेत, काठी घेतात. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर बाहेरदेशी पाठवायचंय म्हणाले. मागच्या पानावर शालनच्या ओळींखाली माझ्याही दोन ओळी हव्यात, सहीनिशी. त्यांनी आखीव कागद आणला होता. मी तो ठेवून घेतला. त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं : 'सातव्या आणि आठव्या रिळाचा क्रम माझ्याकडून चुकला.' एक ओळ झाली. दुसरी सुचली नाही. मग शालनच्या ओळी समोर ठेवून वाचल्या. तिच्या सहीखाली माझी ओळ बसत नाही. तिची सही काढा, असं सरांना सांगणं मला जमणार नाही, आणि ती राहिली तर तिच्याखाली मी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. सर फोन करतात. मी म्हणतो, लिहितोय.

कागद टेबलाच्या खणात आहे. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.